नाना सतरा ठिकाणी सापडले

पौषातल्या मंगळवारी दुपारी एक वाजता माझे वडील पेणच्या घरातून बाहेर पडले. दोन वाजता आम्ही पोलिसांत गेलो. साडेचार वाजता मी विमानात होतो. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘बघू’ हा शब्द कोणी वापरत नाही.

हे मी सावकाश लिहितो आहे, कारण घाई करायला लावणारा माणूस राहिलेला नाही. नाना असते तर मागे उभं राहून म्हणाले असते, “विनू, अजून पहिलाच परिच्छेद?” नानांची सगळी नोकरी रोह्याकडच्या खेड्यांत, प्राथमिक शिक्षक म्हणून गेली. मी पेणच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. आमच्या घरात बोलायचं काम नाना करायचे, ऐकायचं काम माझी बायको नलिनी करायची, आणि मी वाचायचो. (निदान तसा सगळ्यांचा समज होता. तो त्या दिवशी मोडला. सांगतो.)

आधीचे तीन दिवस नाना एकच वाक्य म्हणत होते.

“विनू, यंदा पोपटी नाय झाली.”

आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा तयार झाल्या की शेतात पोपटी लावतात. मडक्यात शेंगा भरायच्या, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि वरून पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. अर्ध्या तासाने त्या शेंगांना जो वास येतो, तो ज्याला माहीत आहे त्याला पुढे काही सांगायला नको.

“बघू,” मी शनिवारी म्हणालो. पुस्तकातून वर न बघता. रविवारी आणि सोमवारीही तेच. मंगळवारी सकाळी नानांनी विचारलंच नाही. ते माझ्याकडे थोडा वेळ बघत उभे राहिले आणि आत गेले. माझी रजा होती, म्हणून दुपारी मी आरामखुर्चीत वाचत होतो. (डोळे मिटून. मजकूर मनात घोळवत.) जाग आली, म्हणजे मजकूर घोळवून झाला, तेव्हा नलिनी दारात उभी होती.

“अहो, नाना कुठे आहेत?”

“आत असतील.”

“आत नाहीत. चपला नाहीत. टोपी नाही.”

नाना चौऱ्याऐंशी वर्षांचे. गेल्या वर्षापासून त्यांचं जरा विसरायला होत होतं. एकदा दूध आणायला म्हणून गेले ते वीस वर्षांपूर्वीच्या आमच्या भाड्याच्या घरी जाऊन बसले. तिथल्या नव्या बिऱ्हाडाने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. शिवाय साखर. चार वाजता गोळी आणि तिच्याबरोबर खाणं, यात चूक झाली की घेरी. मागच्याच महिन्यात अंगणात पडले होते. मी गोळ्यांची डबी खिशात टाकली आणि पळालो.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हात्रे होते. शांत, भरदार माणूस.

“वर्णन सांगा.”

“धोतर, पांढरा सदरा, नारिंगी माकडटोपी.”

“नारिंगी?” म्हात्रे खूश झाले. “मंग लगेच गावतील. मुद्दाम घेतली का नारिंगी?”

“मी विणली,” नलिनी म्हणाली. “लोकर उरली होती.”

टोपीने काम केलं. एसटी स्टँडवर चौकशी झाली, एका कंडक्टरला फोन लागला आणि म्हात्र्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

“नारिंगी टोपीवालं आजोबा? व्हय, होते ना माझ्या रोहा गाडीत! पन रोह्याला नाय उतरले. नागोठन्याच्या पुढं मधीच उठले, म्हनले थांबव. मी बोललो, आजोबा, हितं काय हाय? तर म्हनतात, ‘हितं माझी शाळा हाय.’ शाळा कसली साहेब, नुस्ती वालाची शेतं!”

नलिनीने माझा दंड धरला. चाळीस वर्षांपूर्वीची शाळा शोधत नाना शेतांत उतरले होते. आणि अडीच वाजले होते.

आता शेखरविषयी सांगायला हवं. शेखर हा नलिनीचा धाकटा भाऊ. पेणला त्याचं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. बेचाळिसाव्या वर्षी त्याने विमान चालवायचं शिकून घेतलं आणि दोन मित्रांबरोबर मिळून एक विमान घेतलं. दोन माणसांचं. एक तृतीयांश शेखरचं. (कुठला भाग, ते मी कधी विचारलं नाही. इंजिनाचा असावा, अशी त्या दिवशी वर गेल्यावर मी प्रार्थना केली.) रोह्याच्या पुढे एका कंपनीची जुनी धावपट्टी आहे, तिथे ते उभं असे. त्या वर्षी शेखरसारख्या चार-पाच हौशी वैमानिकांनी आपली विमानं पोलिसांच्या मदतीला द्यायची ठरवलं होतं. पूर आला, कोणी हरवलं, तर वरून बघायचं. कल्पना चांगली होती, फक्त काम येत नव्हतं. तोपर्यंत शेखरची एकच कामगिरी झाली होती. गणपतीत तो वडखळ नाक्यावर तीन चकरा मारून आला आणि वॉकीटॉकीवर म्हणाला, “खाली प्रचंड ट्रॅफिक आहे!” वडखळच्या लोकांना हे आधीपासूनच माहीत होतं.

त्यामुळे नाना हरवल्याचं ऐकून त्याच्या आवाजात काळजी होती, हे खरं. पण आणखीही काही होतं.

“भावोजी, ताबडतोब धावपट्टीवर या! निरीक्षक म्हणून तुम्हीच हवे. नानांची चाल तुमच्याइतकी कोण ओळखणार?”

“मी? शेखर, मला जत्रेतल्या पाळण्यात सुद्धा...”

“नाना तुमचे आहेत, भावोजी!”

नाना परत आलेच तर कोणीतरी घरी हवं म्हणून नलिनी थांबली, आणि मी म्हात्र्यांच्या जीपमध्ये बसलो.

पुढची चूक सर्वस्वी माझी आहे. वाटेत म्हात्रे म्हणाले, “सर, त्या शेतांत मोबाईलला रेंज नाय. गाववाल्यांना आजोबा गावले तरी विमानाला कळनार कसं?” आणि मी, आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला माणूस, म्हणालो, “धुराने! पूर्वी समुद्रावर अडकलेले लोक धूर करून जहाजांना खूण करत. ज्याला नाना सापडतील त्याने मोकळ्या शेतात धूर करावा. विमानातून लगेच दिसेल.”

म्हात्र्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि माझ्याकडे वळून बघितलं. “सर, भारी डोकं हाय तुमचं!”

माझ्या बुद्धीचं पोलिसांनी केलेलं ते पहिलं कौतुक. म्हात्र्यांनी आठ गावांच्या पोलीस पाटलांना फोन लावून हुकूम सोडला: आजोबा सापडले की शेतात धूर करा. पोलीस पाटील ‘व्हय साहेब’ म्हणाले. एकालाही, मला तर नाहीच, आठवलं नाही की हा पौष महिना आहे, शेंगा तयार आहेत, आणि नागोठण्यापासून रोह्यापर्यंत संध्याकाळी पाचच्या सुमारास शेतात धूर करण्याचं आमच्या लोकांचं एक वेगळंच कारण असतं.

विमान बघितल्यावर मला वाटलं, याचं बाकीचं कुठे आहे? आमच्या रिक्षाला पंख लावावेत इतपतच ते होतं. शेखरने मला पट्ट्याने बांधलं, कानावर हेडफोन चढवले, हातात दुर्बीण दिली आणि म्हणाला, “मोबाईल बंद करा. आणि तुम्ही फक्त खाली बघायचं. डोळ्यांत तेल घालून.”

“सूर्य किती वाजता मावळतो?”

“सव्वासहा. अंधाराच्या आत आपल्याला उतरायलाच हवं. दीड तास आहे, भावोजी.”

चार वाजून गेले होते. नानांची गोळी माझ्या खिशात खुळखुळत होती. मग इंजिन सुरू झालं आणि गोळ्याच काय, माझे दातही खुळखुळायला लागले. जमीन सुटली. त्या क्षणी मी दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि डोळे मिटून घेतले.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला उघडायचे होते हो! खाली माझा बाप घेरी येऊन पडला असेल, हे चित्र मिटल्या डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं. पण पापण्या माझं ऐकत नव्हत्या.

“भावोजी, दिसतंय का काही?”

“हो.”

“काय?”

“शेत.”

“छान! बघत राहा.” आणि एकदम तो ओरडला, “धूर! धूर! डाव्या बाजूला! नाना सापडले!”

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. (मिटलेल्या डोळ्यांतूनही येतं.) शेखरने वॉकीटॉकीवर म्हात्र्यांना जागा सांगितली. तेवढ्यात तो म्हणाला, “अरेच्चा. उजवीकडे पण धूर आहे.”

“म्हणजे?”

“तिकडे पण नाना सापडले. आणि नदीकडे आणखी दोन.”

पाच मिनिटांत नाना नऊ ठिकाणी सापडले होते. वॉकीटॉकीवर म्हात्र्यांचा आवाज आला, जरा भरल्या तोंडाने. “साहेब, पयला धूर चेक केला. आजोबा नाय. पोपटी हाय. लोक सोडत नायत, चार शेंगा खाऊन जा म्हनतात.”

पोपटी! मी विमानात कपाळावर हात मारला, आणि तो दुर्बिणीवर बसला.

“दुसऱ्याकडे जा, म्हात्रे!” शेखर ओरडला.

दुसऱ्या धुराशीही पोपटी. तिसऱ्या धुराशी मडक्यात शेंगांच्या जोडीला कोंबडी होती, आणि कोंबडीच्या जोडीला बाटली. विमान डोक्यावर आणि पोलिसांची जीप बांधावर बघून ती मंडळी मडकं तिथेच टाकून चारी दिशांना पळाली. “पाच इसम पळाले!” शेखरने उत्साहाने कळवलं. “पाठलाग करू का?” म्हात्रे म्हणाले, “नको साहेब. एक माझा साडू हाय.”

त्यात गावोगाव बातमी गेली की धूर केला की विमान खाली येतं. झालं! ज्यांच्याकडे पोपटी नव्हती त्यांनीही पेंढा पेटवला. बायका अंगणात येऊन हात करायला लागल्या. एका पोलीस पाटलाने म्हात्र्यांची जीप अडवून विनंती केली, “आमच्या वाडीवरनं पन येक राऊंड मारा की, पावने आलेत!”

“सतरा,” शेखर शेवटी म्हणाला. त्याचा उत्साह पार उतरला होता. “भावोजी, सतरा धूर आहेत. आणि पावणेसहा वाजले.”

इंजिन घरघरत होतं. मला तीन दिवसांचे ‘बघू’ ऐकू येत होते. माणसाने एक संध्याकाळ मागितली होती. शेंगा खाण्यापुरती. मी वर बघितलं सुद्धा नव्हतं, आणि आता खालीही बघता येत नव्हतं.

तेवढ्यात विमानाने वळण घेतलं आणि ते इतकं कललं की मी आधाराला हात फेकला. कुठे, ते मला माहीत नाही. हात काचेवर जाऊन आपटला, बोट ताठ.

“तिकडे?” शेखर म्हणाला. “काय दिसलं? थांबा... नारिंगी! भावोजी, नारिंगी टोपी! उभे आहेत! शेताच्या मधोमध!”

“खरंच? कसे आहेत?”

“हात पसरून उभे आहेत.” मग त्याचा आवाज बदलला. “हलत नाहीत.”

“हात कर त्यांना!”

“केला. खाली आलो, दोन चकरा मारल्या. हलत नाहीत, भावोजी. मानही वळवत नाहीत.”

ते अर्धं मिनिट मला लिहिता येणार नाही. मी खिशातली डबी घट्ट धरून बसलो. वॉकीटॉकी खरखरली.

“साहेब, पोचलो. टोपी गावली.”

“आणि नाना?”

“टोपी बुजगावन्यावर हाय.”

मी श्वास सोडला, की धरला, आठवत नाही.

“आन् आजोबा बाजूला बसल्यात. पोपटी लागली हाय. पोरांना सतराचा पाढा इचारतायत.” मागून नानांचा आवाज ऐकू आला: “कोण रे तू? म्हात्रे? कुठच्या शाळेत होतास?”

मी खूप वेळाने हसलो. रडलोही असेन. डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

धावपट्टीवर उतरलो तेव्हा उजेड जेमतेम होता. मी मोबाईल चालू केला. नलिनीचे चौदा मिस्ड कॉल! तिला म्हटलं, “सापडले! सुखरूप आहेत!”

ती म्हणाली, “ते मला पाच वाजल्यापासून माहीत आहे.”

“कसं?”

“खुर्चीतलं तुमचं पुस्तक आवरायला उचललं. त्यातून चिठ्ठी पडली. वाचते. ‘चि. विनू, जनार्दनकडे पोपटीला जातो. गोळी बरोबर घेतली आहे. शेवटच्या एसटीने येईन. तू रोज बघतोस अशी घरात ही एकच जागा, म्हणून चिठ्ठी इथे ठेवतो.’ चिठ्ठी बासष्टाव्या पानावर होती. तुमची खूण एकसष्टाव्या पानावर! अहो, एक पान! तीन दिवस तुम्ही एकसष्टाव्या पानावर आहात?”

मी म्हटलं, आवाज नीट येत नाही.

जीप आली. मागे नाना बसले होते, मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं मडकं, आणि चेहरा संतापाने लाल. त्यांच्या शेजारी जनार्दन: नानांचा चाळीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, आता स्वतःच पिकलेल्या मिशांचा. जुनी शाळा पडली तरी तिच्या शेजारचं शेत त्याचंच होतं. नाना बरोबर तिथेच उतरले होते.

“सर, गुरुजींना अंधाराच्या आत गाडी धरायची म्हनून पोपटी लवकर लावली हो,” जनार्दन मला म्हणाला. “घरवालीला बोललो, गो, आवर, गुरुजी आलेत. आन् मडकं उघडनार तर वरनं इमान!”

“गरम व्हायला लागलं म्हणून टोपी काढली,” नाना गरजले. “खुंटी नव्हती. बुजगावणं होतं. त्यात पोलीस बोलवण्यासारखं काय आहे?”

“नाना, आम्हाला वाटलं तुम्ही विसरलात...”

“मी?” ते म्हणाले. बस. एवढंच.

मडकं धावपट्टीवरच फोडलं. वाफ आली आणि तो वास सुटला. शेखर, म्हात्रे (पाचव्यांदा), जनार्दन, सगळे सिमेंटवर मांडी घालून बसले. शेखर सांगत होता, “मी सांगतो नाना, भावोजींची नजर म्हणजे! सतरा धूर, मला काही कळेना. यांनी बरोबर बोट दाखवलं!”

नाना शेंग सोलता सोलता थांबले. बाकीचे बोलण्यात गुंगल्यावर ते माझ्याकडे झुकले.

“डोळे उघडे होते का रे?”

“हो.”

“जत्रेत पाळण्यातून उतरलास तेव्हाही ‘हो’च म्हणाला होतास. सात वर्षांचा होतास.” त्यांनी एक शेंग माझ्या हातावर ठेवली. “खा. आणि खाताना तरी उघडे ठेव.”

प्रजासत्ताक दिनाला पोलिसांनी मदत करणाऱ्या वैमानिकांचा सत्कार केला. त्यात मलाही प्रशस्तिपत्र मिळालं, ‘तीक्ष्ण नजर व प्रसंगावधान’ याबद्दल. मला ते कपाटात ठेवायचं होतं. नानांनी ते स्वतः चौकटीत बसवून आणलं आणि बैठकीत लावलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते तिथे न्यायचे आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगायचे, “आमच्या विनूची नजर.” मग माझ्याकडे बघायचे. खरं काय ते त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. नलिनीलाही नाही.

त्यानंतरचे दोन हिवाळे मी त्यांना जनार्दनच्या शेतात घेऊन गेलो. विचारायच्या आधीच. दोन्ही वेळा एसटीने.

गेल्या आषाढात नाना गेले. या वेळी चिठ्ठी नव्हती. मी शेजारीच बसलो होतो, आणि माझे डोळे उघडे होते.

प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे. त्याच्या शेजारी नानांचा फोटो आहे. खाली टेबलावर ते पुस्तक आहे. चिठ्ठी बासष्टाव्या पानावर आहे. मी एकसष्टाव्या पानावर आहे.